गर्भातलं मद्य आणि लेकाचा एमआरआय : साडेसहा महिन्यांचा आमचा अनुभव

माझा लेक चौदा महिन्यांचा असताना आमच्या घरी आला. दत्तक घेताना मिळालेल्या फाईलमध्ये त्याच्या जन्मदात्या आईबद्दल फार थोडं होतं. तिचं वय, रक्तगट, बाळाचं जन्माच्या वेळचं वजन, आणि एका रकान्यात कुणीतरी निळ्या शाईने लिहिलेले तीन शब्द : 'गरोदरपणात मद्यसेवन, वारंवार'. किती, कुठल्या महिन्यात, कधी थांबलं, यातलं काही नाही. मी ती ओळ वाचली आणि फाईल मिटली. बाळ मांडीवर होतं, माझ्या ओढणीचं टोक चोखत होतं.

लेक ९ वर्षांचा झाला तेव्हा ती फाईल पुन्हा उघडावी लागली. सहाचा पाढा तो संध्याकाळी न अडखळता म्हणायचा. सकाळी 'सहा दुणे किती' विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, जणू हा प्रश्न त्याने जन्मात पहिल्यांदाच ऐकला. एका वेळी दोन कामं सांगितली तर दुसरं हवेत विरून जायचं. शाळेच्या वहीत 'लक्ष देत नाही', 'मुद्दाम करतो' असे शेरे यायचे. मीही त्याला रागावले आहे, शिक्षाही केल्या आहेत. त्या शिक्षा का झाल्या हे दुसऱ्या दिवशी त्याला आठवत नसे आणि मला वाटे, हा कोडगा झालाय. ते शब्द आठवले की आजही पोटात कालवतं.

बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनी फाईल मागून घेतली, त्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "याबद्दल कुणी तुमच्याशी बोललंय का?" कुणीच बोललं नव्हतं. पुढच्या तीन भेटींत निदान झालं : फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे एफएएसडी. आई पिते ती दारू वार, म्हणजे प्लासेंटा, ओलांडून बाळाच्या रक्तात जाते. गर्भाचं यकृत ती निस्तरण्याइतकं तयार झालेलं नसतं. घडत असलेल्या मेंदूत त्यामुळे काही चेतापेशी मरतात, काही भलत्याच जागी जाऊन पोचतात, जोडण्या नीट बसत नाहीत. 'एवढी घेतली तर चालते' असं सुरक्षित प्रमाण कुणाला माहीत नाही.

त्याच डॉक्टरांनी उठता उठता सांगितलं की एका संशोधन केंद्रात अशा मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढून अभ्यास चालू आहे, इच्छा असेल तर नाव द्या. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. त्यामागचं कारण मोकळेपणाने लिहिते, कारण पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं. मला फोटो हवा होता. शाळेत टेबलावर ठेवून 'हे बघा, इथे इजा आहे, माझं पोर मुद्दाम करत नाही' असं म्हणता येईल असा फोटो.

१२ जानेवारीला पहिला फोन केला. फोन उचलणाऱ्या समन्वयक ताईंनी नाव-नंबर घेतला आणि आठवड्याने, १९ तारखेला, प्राथमिक चौकशीचा फोन आला. तो ४० मिनिटं चालला. लेकाला कधी आकडी आली आहे का, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला होता का, शरीरात कुठे धातू आहे का, दातांना तारा आहेत का, बंद जागेची भीती वाटते का, कुठली औषधं चालू आहेत. दातांच्या तारांबद्दल मला आश्चर्य वाटलं. तारांमुळे चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला वाकडं होतं आणि कपाळामागचा मेंदूचा भाग चित्रात ताणल्यासारखा दिसतो, म्हणून तारा असलेली मुलं बहुतेक अशा अभ्यासात घेत नाहीत. तुमच्या मुलाला तारा बसवायच्या असतील तर आधी विचारून घ्या.

माझी सगळ्यात मोठी धास्ती त्या तीन शब्दांची होती. एवढ्याशा नोंदीवर ते आम्हाला घेतील का? ताई म्हणाल्या, दत्तक मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढंच हाती असतं. जुनी कागदपत्रं, एखाद्या समाजसेविकेची टिपणं, नातेवाइकांची माहिती, हे सगळं धरलं जातं. फाईलची छायाप्रत पाठवताना मी ते पान तीनदा स्कॅन केलं, अक्षर पुसट येत होतं म्हणून.

मग तीन आठवडे शांतता. त्या काळात रात्री सगळे झोपले की मी वाचत बसायचे. या मुलांकडे वैद्यकशास्त्राचं लक्ष किती उशिरा गेलं हे वाचून थक्क झाले. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमवान या बालरोगतज्ज्ञांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांचं वर्णन छापलं होतं, त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'द लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि या अवस्थेला नाव मिळालं. त्यानंतरही बरीच वर्षं मेंदूत नेमकं काय झालंय हे दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनातूनच दिसत होतं. दगावणारी बाळं सर्वांत गंभीर असणार, तेव्हा शाळेत जाणाऱ्या, खेळणाऱ्या, पाढे विसरणाऱ्या मुलांच्या डोक्यात काय आहे हे त्यातून कसं कळणार? एमआरआय आल्यावर जिवंत मुलांचा मेंदू, किरणोत्सर्ग न वापरता, पुन्हापुन्हा बघता येऊ लागला. १९९० च्या दशकात सॅन डिएगोमधल्या एडवर्ड रायली, सारा मॅटसन, एलिझाबेथ सोवेल यांच्या गटाने दाखवलं की या मुलांत मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, सरासरीने लहान असतो. काहींत तो जवळपास नसतोच. मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूचा मधला पुढचा भागही लहान सापडला.

हे वाचलं आणि फोटोची आशा आणखी पक्की झाली.

९ फेब्रुवारीला संमतीपत्राचा गठ्ठा आला. १८ पानं. कंटाळा न करता सगळी वाचा, आणि पेन्सिलने प्रश्न लिहून ठेवा. आमचे ११ प्रश्न निघाले. सहभाग मोफत होता, येण्या-जाण्याचा खर्च ते देणार होते. मात्र सुट्ट्या आपल्या आपणच काढायच्या. माझ्या एकूण साडेचार दिवसांच्या रजा गेल्या, नवऱ्याच्या दोन. भूल द्यायची नाही, शिरेतून कुठलं औषध सोडायचं नाही, हे स्पष्ट लिहिलं होतं. मुलाच्या नावाऐवजी संकेतांक राहील आणि चित्रं दुसऱ्या संशोधकांना देण्याआधी त्यातला चेहऱ्याचा भाग संगणकावर पुसला जाईल. हे वाचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो.

सातव्या पानावर एक वाक्य होतं : 'या चाचणीतून सहभागी बालकाचं वैयक्तिक निदान केलं जाणार नाही.' मी ते वाचलं आणि पुढे गेले. आता वाटतं, तिथेच थांबून ताईंना फोन करायला हवा होता.

लेकासाठी वेगळं दोन पानी पत्र होतं, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह. आमच्या सहीने काम भागत नाही, मुलाने स्वतः हो म्हणावं लागतं. 'मी कधीही नको म्हणू शकतो' या ओळीखाली त्याने बोट फिरवत दोनदा वाचलं आणि विचारलं, "खरंच? मधेच पण?" मधेच पण, असं मी म्हटलं. मग त्याने आपलं नाव लिहिलं, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

११ आणि १२ मार्चला बौद्धिक चाचण्या झाल्या. दोन सकाळी, प्रत्येकी अडीच तास, मधे खाण्याची सुट्टी. आधी उंची, वजन, डोक्याचा घेर. मग एका त्रिमितीय कॅमेऱ्याने चेहऱ्याचे फोटो. डोळ्यांच्या फटींची लांबी, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ, ओठाची जाडी, हे मोजतात. आखूड फटी, सपाट पन्हळ आणि पातळ वरचा ओठ ही या अवस्थेची ओळखीची खूण. पण बहुतेक मुलांत ती नसतेच. चेहऱ्याची ही ठेवण गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ठरते, मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. माझ्या लेकाचा चेहरा चारचौघांसारखाच आहे. निदान झाल्यापासून तो झोपला की मी दिव्याच्या उजेडात त्याच्या ओठावरची ती पन्हळ बघत बसायचे. कॅमेऱ्यासमोर तो वेडीवाकडी तोंडं करत होता आणि ताई हसत होत्या, तेव्हा ती माझी सवय थांबवायची ठरवली.

चाचण्यांच्या वेळी पालक बाहेर बसतात आणि फॉर्म भरतात. वागणूक, झोप, भावना, शाळा, सगळ्यावर प्रश्नावल्या. त्या भरताना शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगीही आत होती. मी सहज विचारलं, "तुम्हीही दत्तक?" त्या म्हणाल्या, "नाही. माझीच."

पुढे काय बोलावं मला कळेना. त्यांच्या हातात वेगळा फॉर्म होता. गर्भारपणातला एकेक महिना, आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती, जास्तीत जास्त किती. त्या पेन बोटांत फिरवत होत्या. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिवस गेलेत हे मला कळलं तेव्हा चौथा महिना लागला होता. मग बंद केली. पूर्ण नाही, पण खूप कमी केली." आणि जरा थांबून, "सगळं खरं लिहितेय. खोटं लिहिलं तर पोरीला इतक्या लांब आणून काय उपयोग?"

त्या तीन शब्दांच्या मागे असलेल्या बाईचा मी तोवर कधी नीट विचार केला नव्हता. केला तो रागाने. या बाईंच्या शेजारी बसून मी माझा फॉर्म भरत राहिले, आणि जाताना त्यांना म्हटलं, "तुमच्यासारख्या आईने एवढं लिहिलं म्हणूनच माझ्या मुलाबद्दल कुणाला काही कळणार आहे." मला ते मनापासून वाटत होतं. त्यांनी नुसती मान हलवली. घरी जाताना मात्र माझे डोळे भरून आले. त्या रकान्यात कुणीतरी 'सांगितलं' म्हणूनच ते लिहिलं गेलं ना? बहुधा तिनेच सांगितलं असणार. तिने ते लपवलं असतं तर माझा लेक आजही 'कोडगा'च राहिला असता.

२८ मार्चला सराव. खऱ्या यंत्रासारखंच दिसणारं, पण चुंबक नसलेलं नकली स्कॅनर असतं. त्यात मुलाला झोपवतात, आवाज ऐकवतात, आरशातून सिनेमा दाखवतात. डोकं हललं की सिनेमा थांबतो. लेकाला हा नियम फार पटकन कळला, कारण परिणाम तिथल्या तिथे दिसत होता. उद्या मिळणारी शिक्षा किंवा बक्षीस त्याच्या उपयोगाचं नसतं, हे मला तिथेच उमगलं. पहिल्यांदा सिनेमा १५ वेळा थांबला, शेवटच्या खेपेला तीनदा. एमआरआयची चित्रं एकेका मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी बनतात. काही मिलिमीटर डोकं हललं तरी चित्र विस्कटतं, आणि हलणाऱ्या मुलाच्या मेंदूची साल, म्हणजे बाहेरचा थर, चित्रात खऱ्यापेक्षा पातळ भासू शकते. म्हणजे चंचल मुलं जास्त हलली तर ती इजा नसून नुसतं हलणं मोजलं जाईल. म्हणून संशोधक या बाबतीत इतके काटेकोर असतात.

केंद्राने आवाजांची फीत दिली होती. घरी जेवणाच्या टेबलाला चादरी लावून बोगदा केला, लेक आत उताणा झोपायचा, कपाळावर खोडरबर ठेवायचा आणि आवाज चालू. खोडरबर पडला की पुन्हा सुरुवात. दोन मिनिटांपासून सात मिनिटांपर्यंत पोचायला दोन आठवडे लागले. ज्यांना हे करायचंय त्यांना माझं सांगणं, रोज थोडंच करा, आणि मूल दमलं असेल त्या दिवशी सोडून द्या.

पहिलं स्कॅन १६ एप्रिलला, सकाळी ९ वाजता. सकाळचीच वेळ मागून घ्या, दुपारपर्यंत ही मुलं थकतात. लक्ष टिकावं म्हणून तो जे औषध घेतो, ते त्या दिवशी द्यायचं नव्हतं. आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं, मगच थांबवलं. स्वतःच्या मनाने असं काही करू नका. धातू नको म्हणून चेनची पँट घातली नव्हती, पण टी-शर्टवरच्या चमकत्या नक्षीत धातूची पूड असू शकते, तेव्हा तोही बदलावा लागला. साधा सुती पायजमा आणि बिनछपाईचा शर्ट न्या. माझ्याही केसांतले चाप, घड्याळ, पाकीट, सगळं बाहेर. चुंबक कधीच बंद नसतो, यंत्र काम करत नसतानाही. दारावर दोघांची तीन-तीनदा चौकशी झाली आणि त्याचा मला आधार वाटला.

कानात बोळे, त्यावर हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मऊ उशा, हातात रबरी फुगा. फुगा दाबला की यंत्र थांबणार. मला आत त्याच्या पायाशी बसू दिलं. त्याच्या नडगीवर हात ठेवून बसले.

पहिलं चित्र, मेंदूच्या रचनेचं, साडेपाच मिनिटांचं. ठकठक, मग लांबलचक घरघर. लेक हलला नाही. दुसरं डिफ्युजनचं. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सहज झिरपतं हे त्यात मोजतात. तंतूंचे गठ्ठे नीट बांधलेले असतील तर पाणी त्यांच्या लांबीच्या दिशेने सरकतं, विस्कळीत असतील तर इकडेतिकडे. या मुलांत कॉर्पस कॅलोसमच्या, विशेषतः मागच्या, भागात हा शिस्तबद्धपणा सरासरीने कमी सापडला आहे. या चित्राच्या वेळी झोपायची फळीच थरथरते. हे आमच्या सरावात नव्हतं. दीड मिनिटात त्याचे पाय ताठ झाले, माझ्या हाताखाली मला कळलं. आणि त्याने फुगा दाबला.

यंत्र थांबलं, त्याला बाहेर काढलं. तो घामेजला होता. "मी हरलो का?" असं त्याने विचारलं. तंत्रज्ञ काका गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "तू फुगा दाबलास, आम्ही थांबलो. ठरलं होतं तसंच झालं." कुणी 'अजून एकदा बघू या' म्हटलं नाही. आम्ही घरी आलो. मला मात्र खूप वाईट वाटत होतं. एवढी धडपड वाया गेली असं वाटत होतं, आणि तसं वाटल्याबद्दलही अपराधी वाटत होतं. चार दिवसांनी ताईंचा फोन आला. निम्म्यावरून परतणारी मुलं नेहमीचीच असतात, त्याची इच्छा असेल तर पुन्हा तारीख देऊ. मी लेकाला आठवडाभर विचारलंच नाही. मग एका रात्री त्यानेच टेबलाला चादर लावली.

दुसरी तारीख मिळाली २१ मे. या वेळी सरावात टेबलाला हात लावून मी ते हलवत असे. स्कॅनही दोन तुकड्यांत केलं, मधे २० मिनिटं बाहेर बसून. डिफ्युजन झालं. मग फंक्शनल एमआरआय : पडद्यावर अक्षरं येतात, आधीचंच अक्षर पुन्हा आलं की बटण दाबायचं. मेंदूचा जो भाग राबतो तिथे ऑक्सिजनचं रक्त जास्त येतं, आणि ऑक्सिजन असलेलं व नसलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतं, त्यावरून कुठला भाग कामाला लागला ते कळतं. आठवणीत काहीतरी क्षणभर धरून ठेवायचं काम या मुलांना जड जातं, आणि तेव्हा त्यांच्या मेंदूचा कपाळामागचा व वरचा भाग वेगळ्या तऱ्हेने चालतो, काही अभ्यासांत जास्त, काहींत कमी. शेवटी पाच मिनिटं नुसतं पडून एका फुलीकडे बघायचं. सगळं मिळून तो ३८ मिनिटं आत होता. बाहेर आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती भूक लागल्याची.

मग वाट बघणं. मला वाटलं होतं आठ दिवसांत चित्रं हाती येतील. ३० जूनला, सुमारे सहा आठवड्यांनी, एका पानाचं पत्र आलं. प्रत्येक स्कॅन एक रेडिओलॉजिस्ट डोळ्यांखालून घालतात, अनपेक्षित असा काही आजार दिसला तर पालकांना कळवायला. आमच्या पत्रात लिहिलं होतं : लक्षणीय दोष आढळला नाही.

कुठल्याही आईला आनंद व्हावा असं ते वाक्य. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले. माझ्या हातात आता 'काही नाही' असा कागद होता. शाळेला काय दाखवू?

२४ जुलैला प्रमुख संशोधिका बाईंनी भेटायला वेळ दिला. हा वेळ मागावा लागतो, आपणहून कुणी देत नाही, मागा. त्यांनी संगणकावर लेकाच्या मेंदूचं मधोमध कापल्यासारखं दिसणारं चित्र उघडलं. लेक खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावत ओरडला, "माझं नाक! आई, हे माझं नाक आहे!" खरंच, त्या करड्या चित्रात त्याचं टोकाशी जरा वर उचललेलं नाक होतं, त्याखाली ओठ, आणि आत कमानीसारखा पांढरा पट्टा. मी इतके महिने ज्याच्याबद्दल वाचत होते तो.

"पातळ आहे का?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "एका चित्रावरून मी सांगू शकत नाही. आणि मोजमाप करणाऱ्यांना कुठलं चित्र कुठल्या गटातल्या मुलाचं आहे हेही ठाऊक नसतं." मग त्यांनी समजावलं. दोन वर्गांतल्या मुलांची सरासरी उंची वेगळी असू शकते. पण एखाद्या मुलाची उंची सांगितली तर तो कुठल्या वर्गातला हे ओळखता येईल का? या मुलांच्या मेंदूंतले फरक असेच आहेत. अनेक मुलांची चित्रं एकत्र केल्यावर ते दिसतात, साध्या डोळ्यांना एकेकात बहुतेक वेळा दिसत नाहीत. शिवाय मेंदूवर दारूखेरीज तंबाखू, कुपोषण, बाळपणीची आबाळ यांचाही परिणाम होतो, आणि ही कारणं वेगळी काढायला भरपूर मुलं लागतात. 'दोष आढळला नाही' याचा अर्थ डोळ्यांना दिसेल अशी गाठ, रक्तस्राव, मोठी उणीव नाही. मेंदूवर परिणाम झालेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

ते सातव्या पानावरचं वाक्य मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून दोन पानं काढली. मार्चमधल्या चाचण्यांचा गोषवारा. शब्दांचा अर्थ, तर्क, गोष्ट समजणं, यात लेक वयाप्रमाणे. ऐकलेले आकडे लक्षात ठेवून उलटे सांगणं, आकड्यांची समज, एक काम थांबवून दुसरं सुरू करणं, यात बराच मागे. म्हणूनच तो छान बोलतो, आणि म्हणूनच त्याला सगळं कळतंय असं सगळ्यांना वाटतं. "शाळेत हे न्या," त्या म्हणाल्या.

नेलं. शाळेने लगेच सगळं मान्य केलं असं नाही, दोन बैठका लागल्या. पण आता सूचना एका वेळी एकच देतात, फळ्यावर लिहितात, पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवू दिला आहे. घरी मी 'कितीदा सांगायचं' हे वाक्य सोडलं. दाराला चित्रांची यादी लावली आहे : दप्तर, डबा, पाणी, बूट.

अभ्यासाचा दुसरा टप्पा दोन वर्षांनी असतो, त्याच मुलांचं पुन्हा स्कॅन. याचं महत्त्व मला त्या भेटीत कळलं. कॅथरीन लेबेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असंच अंतराने स्कॅन करून दाखवलं की एरवी मुलांच्या मेंदूच्या सालीचं आकारमान काही भागांत वाढत्या वयात आधी वाढतं, मग उतरतं. गर्भात बरीच दारू पोचलेल्या मुलांत तो चढ फारसा दिसत नाही. एका वेळच्या फोटोत हे कधीच सापडलं नसतं. म्हणून आम्ही पुन्हा जाणार असं कळवून टाकलं.

गेल्या महिन्यात दंतवैद्यांनी लेकाचे दात बघून तारा सुचवल्या. मी त्यांना संशोधनाचं पत्र दाखवलं आणि विचारलं, थांबलं तर नुकसान आहे का. त्यांनी पुन्हा तपासलं आणि दुसऱ्या स्कॅनपर्यंत थांबायला हरकत नाही म्हणाले. तसं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि तो कागद फाईलला लावला, त्या निळ्या शाईच्या पानाच्या मागे.